ऑनलाईन तासिका : यंत्रे सज्ज, माणसांचे काय?

नोव्हेंबर २०२४ मध्ये राजधानी दिल्लीची हवा इतकी विषारी झाली की तेथील शाळांचे वर्ग पुन्हा एकदा पडद्यावर न्यावे लागले. मार्च २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे देशभरच्या शाळांना कुलपे लागली, तेव्हा हा आयुष्यात एकदाच येणारा प्रसंग आहे, अशी सर्वांची समजूत होती. ती समजूत आता सोडून द्यावयास हवी. रोगाची साथ असो, प्रदूषण असो वा अतिवृष्टी असो, शिक्षक एके ठिकाणी आणि विद्यार्थी दुसऱ्या ठिकाणी, असे दिवस पुन्हा येणार आहेत. ते येतील तेव्हा आपले शिक्षक आणि आपली मुले तयार असतील काय, हा आजचा खरा प्रश्न आहे.

आपल्याकडे तयारी म्हणजे खरेदी, असा एक समज रुजला आहे. टॅब आले, मोठा पडदा आला, इंटरनेटची जोडणी झाली, उद्‌घाटनाची फीत कापली गेली की शाळा 'डिजिटल' झाली! साधनांचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. साधनच नसेल तर पुढचे सारे व्यर्थ आहे. परंतु सप्टेंबर २०२० मध्ये झालेल्या 'असर' सर्वेक्षणाचे आकडे विचार करावयास लावणारे आहेत. ग्रामीण भारतातील शाळेत नाव असलेल्या मुलांपैकी सुमारे ६२ टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता. मात्र सर्वेक्षणाच्या आदल्या आठवड्यात थेट ऑनलाईन वर्गाचा लाभ मिळालेली मुले होती केवळ ११ टक्के. घरात फोन असणे आणि मुलाला शिक्षण मिळणे यांत केवढे अंतर आहे, हे यावरून कळते. फोन वडिलांसोबत कामावर जातो, एका फोनवर तीन भावंडांचा हक्क असतो, रिचार्ज संपतो, नेटवर्क मिळत नाही, ही कारणे आहेतच. परंतु आणखी एक कारण आहे आणि ते दूर करण्यास फारसा पैसा लागत नाही. ते म्हणजे, पडद्यावर कसे शिकवावे आणि पडद्यावरून कसे शिकावे, हे कोणाला कोणी शिकवलेलेच नव्हते.

इतिहासाचा धडा

वस्तुतः दूरस्थ पाठाचा अनुभव आपल्या देशाला नवा नाही. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साईट' हा उपग्रह दूरचित्रवाणीचा प्रयोग झाला. सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत कार्यक्रम पोहोचले. या प्रयोगातच प्राथमिक शाळांच्या सुमारे ५०,००० शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. मुलांसमोर पडदा ठेवून भागत नाही, मुलांजवळचा शिक्षकही घडवावा लागतो, हे तेव्हाच्या आयोजकांनी जाणले होते.

२० सप्टेंबर २००४ रोजी शिक्षणासाठीच वाहिलेला 'एज्युसॅट' हा उपग्रह अवकाशात गेला. त्याच्या प्रायोगिक टप्प्यात नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचाही समावेश होता. येथे विद्यार्थ्याला उलट प्रश्न विचारण्याची सोय झाली. मात्र असा उपग्रह पृथ्वीपासून सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. शिक्षकाचा आवाज वर जाऊन खाली यावयास पाव सेकंद लागतो, उत्तर परत यावयास तेवढाच वेळ लागतो. हा उशीर कानाला क्षुल्लक वाटतो, परंतु शिकवण्याची लय तो बिघडवतो. घाईत असलेला शिक्षक या विलंबालाच मौन समजतो आणि पुढे सरकतो. २०१० मध्ये तो उपग्रह निवृत्त झाला. आज उपग्रहाऐवजी इंटरनेट आहे, परंतु हा विलंब, आणि त्यामुळे होणारा गैरसमज, कायम आहे.

ऑस्ट्रेलियातील ॲलिस स्प्रिंग्स येथे १९५१ साली बिनतारी यंत्रणेवर 'हवेतील शाळा' सुरू झाली. शेकडो मैल दूर, गुरांच्या कुरणांवर राहणारी मुले तिचे विद्यार्थी होते. आरंभी पाठ एकतर्फी होता. लवकरच त्याच्या शेवटी प्रश्नोत्तरांचा वेळ ठेवावा लागला. या शाळेने मुलांना छापील पाठ्यसाहित्य घरपोच दिले, आई किंवा घरातील अन्य मोठ्या माणसाला सहायक शिक्षकाची भूमिका दिली आणि मुले व शिक्षक यांच्या प्रत्यक्ष भेटी घडवून आणल्या. थेट पाठ हा या साऱ्या व्यवस्थेचा एक घटक होता, संपूर्ण व्यवस्था नव्हे.

शिक्षकाने काय शिकावे?

जुलै २०२० मध्ये केंद्र सरकारने 'प्रज्ञाता' ही मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार पहिली ते आठवीच्या मुलांसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांची दोनच सत्रे सुचविण्यात आली. म्हणजे पाच-सहा तासांच्या शाळेऐवजी शिक्षकाच्या हाती उरतो जेमतेम दीड तास. तो धडा वाचून दाखवण्यात, हजेरी घेण्यात आणि "ऐकू येतंय का?" असे विचारण्यात घालवावा काय? जे मूल स्वतः वाचू शकते ते आदल्या दिवशी कागदावर द्यावे. ज्यासाठी मुलाचे उत्तर ऐकणे, त्याची चूक समजून घेणे आवश्यक आहे, तेवढेच थेट तासिकेसाठी राखावे.

मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७०च्या दशकात दाखवून दिले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर उत्तरे अधिक लांब आणि विचारपूर्वक येतात. वर्गात जे खरे, ते पडद्यावर दुपटीने खरे आहे. तेव्हा थांबणे ही ऑनलाईन शिक्षकाची पहिली विद्या होय. दुसरी विद्या मुलांना नावाने हाक मारण्याची. "समजले का?" या सामुदायिक प्रश्नाला पडद्यावर केवळ शांतता मिळते. शक्य तेथे दोन शिक्षकांनी मिळून तासिका घ्यावी. एकाने शिकवावे, दुसऱ्याने कोण गप्प आहे, कोणाची जोडणी तुटली, याची नोंद ठेवून तासिकेनंतर त्या घरी दूरध्वनी करावा.

विद्यार्थ्याने काय शिकावे?

मुलांना मोबाईल येतो, म्हणून त्यांना ऑनलाईन शिकता येते, असे मानणे धाडसाचे ठरेल. खेळ खेळण्यास लागणारे कौशल्य निराळे आणि 'सर, मला हे कळले नाही' असे सांगण्यास लागणारे धैर्य निराळे. खिडकीकडे पाठ करून बसले तर चेहरा काळा दिसतो, बोलणे झाले की मायक्रोफोन बंद करावा, वही-पेन्सिल जवळ असावी, आवाज तुटला तर काय करावे, या गोष्टी साध्या आहेत, परंतु त्या शिकवाव्या लागतात. त्याचबरोबर एका खोलीत सहा माणसे राहतात अशा घरातील मूल कॅमेरा बंद ठेवते, तेव्हा तो उद्धटपणा नसून संकोच असू शकतो, हे शिक्षकाने ओळखावे. कॅमेऱ्याची सक्ती करून त्या घराची गरिबी साऱ्या वर्गासमोर मांडण्याचा अधिकार कोणालाही नाही.

सराव शाळेतच व्हावा

हे सारे संकटाच्या दिवशी शिकता येत नाही. आग लागल्यावर विहीर खणून काय उपयोग? शाळा नियमित सुरू असतानाच दर सत्रात एकदा सरावाची तासिका घ्यावी. शिक्षकाने शेजारच्या खोलीत बसून पडद्यावरून शिकवावे, मुलांनी आपल्याच वर्गात बसून उत्तरे द्यावीत आणि शेवटी दोघांनी एकत्र येऊन काय चुकले ते बोलावे. याला एक जोडणी आणि दोन फोन पुरेत. ज्या मुलांच्या घरी फोन वा शांत कोपरा नाही, त्यांची यादी शाळेने आजच करावी. गावातील ग्रंथालये, समाजमंदिरे आणि आपल्या धर्मग्रामांची सभागृहे अशा मुलांसाठी, प्रसंग अनुमती देईल तेव्हा, खुली करता येतील.

अडचणीच्या काळात हुशार आणि सुस्थितीतील मुले कसाबसा मार्ग काढतात. मागे राहते ते मूल, जे प्रश्न विचारत नाही, तक्रार करत नाही आणि एके दिवशी पडद्यावरून निघून जाते. त्याचे जाणे कोणाच्या लक्षातही येत नाही. आपली तयारी किती झाली, हे शाळेत किती टॅब आले यावरून ठरवू नये. ते मूल गेल्याचे त्याच दिवशी कोणाच्या तरी ध्यानी येते की नाही, यावरून ते ठरवावे.