‘बसतो’ म्हणजे ‘चालतो’ नव्हे!

रायपूरच्या तात्यापाऱ्यातून किंवा चौबे कॉलनीतून निघून तेलीबांधा मागे टाकले आणि गाडी नव्या रायपूरच्या वाटेला लागली, की शहराचे रूपच पालटते. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगड राज्य झाले आणि त्यानंतर ही नवी राजधानी आखली गेली. रुंद रस्ते, मधल्या दुभाजकावर गवत, सरकारी इमारतींपुढे लांबच लांब हिरवळ. वाटेत व्हीआयपी रोडवर लग्नाची ‘लॉन्स’ ओळीने उभी. त्याहून पुढे परसदा येथे शहीद वीर नारायण सिंह क्रिकेट मैदान. २१ जानेवारी २०२३ रोजी या मैदानावरच्या पहिल्याच एकदिवसीय सामन्यात भारताने न्यूझीलंडचा डाव १०८ धावांत गुंडाळला. त्या दिवशी साऱ्या देशाने गोलंदाजी पाहिली. खालचे गवत कापायला काय लागत असेल, हा विचार कोणाच्या मनात येणार?

एवढे मोठे गवत हाताने ढकलायच्या यंत्राने कापणे म्हणजे माळ्याचा घाम काढणे. म्हणून मोठ्या मैदानांवर, शाळा-कॉलेजांच्या आवारात आणि ऐपत असेल तर लग्नाच्या लॉनवरही बसून चालवायचे यंत्र लागते. छोट्या ट्रॅक्टरसारखे दिसणारे हे ‘राइड-ऑन मोअर’ बहुधा परदेशातून येते आणि त्याची किंमत लाखांत असते. पण त्याचे आयुष्य अवलंबून असते ते मुठीएवढ्या, काही शे रुपयांच्या एका डब्यावर. तो डबा म्हणजे ऑईल फिल्टर.

आणि इथेच घोटाळा होतो. ऐन पावसाळ्यात गवत गुडघ्याला लागलेले असते, फिल्टर बदलायची वेळ उलटून गेलेली असते आणि कंपनीचा फिल्टर मागवायचा तर आठ-पंधरा दिवस थांबावे लागते. मग कोणीतरी जुना फिल्टर पिशवीत घालून मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात जातो. काउंटरवरचा माणूस फिल्टर हातात घेऊन उलटासुलटा करतो, मागच्या फळीवरून तसाच दिसणारा एक काढतो आणि म्हणतो, “लग जाएगा, भैया!”

लागतोही. अडचण तीच आहे. मुळीच बसला नसता, तर प्रश्न तिथेच मिटला असता.

हा डबा नेमके करतो काय? इंजिनाच्या तळाशी साठलेले तेल पंप ओढतो आणि फिल्टरमधून ढकलतो. गाळलेले तेल बेअरिंगपर्यंत जाते आणि पुन्हा तळाशी येते. पत्र्याच्या आत पंख्यासारख्या घड्या घातलेला खास कागद असतो. तेलातले धातूचे कण, काजळी, धूळ त्या घड्यांत अडकते. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर इंजिनाला घासून खाणारे कण त्याहून पुष्कळ बारीक असतात. डोळ्यांना दिसतही नाहीत. त्यामुळे ‘तेल तर स्वच्छ दिसतंय’ या बोलण्याला काही अर्थ नाही.

कागदाखेरीज त्या डब्यात दोन झडपा असू शकतात आणि निवडीचा सगळा पेच या झडपांचा आहे. पहिली ‘बायपास’ झडप. कागद कचऱ्याने तुंबला किंवा थंडीत तेल घट्ट झाले, की ही झडप उघडते आणि तेल न गाळताच पुढे जाते. मळके तेल वाईट, पण तेलच नसणे त्याहून वाईट, असा तो सरळ हिशेब आहे. ही झडप किती दाबाला उघडावी, हे इंजिन बनवणारा ठरवतो. ती फार लवकर उघडली, तर तेल गाळलेच जात नाही. फार उशिरा उघडली, तर बेअरिंग कोरडे पडते. काही इंजिनांत ही झडप इंजिनाच्या अंगातच असते, म्हणून त्यांच्या फिल्टरमध्ये ती मुळी नसतेच. असा बिनझडपेचा फिल्टर दुसऱ्या इंजिनावर चढवला तर काय होईल, याची कल्पना केलेली बरी.

दुसरी झडप म्हणजे भोकांच्या आतल्या बाजूला दिसणारी रबराची चकती. इंजिन बंद झाल्यावर फिल्टरमधले तेल परत खाली उतरू नये, हे तिचे काम. मोटारीचा फिल्टर तोंड वर करून लटकत असेल, तर ही चकती थोडी कमअस्सल असूनही भागते. पण मोअरच्या अनेक इंजिनांवर फिल्टर आडवा बसलेला असतो. चकती कडक झाली, की रात्रभरात डबा रिकामा होतो आणि सकाळी इंजिन सुरू झाल्यावर पहिले काही क्षण ते तेलाविना घासत राहते. मोअरचे इंजिन हवेने थंड होणारे. त्याला पाण्याचा रेडिएटर नाही. त्यात कापलेल्या गवताचा चुरा पंख्यात आणि पट्ट्यांत अडकतो आणि वर रायपूरचा मे महिना! एवढ्या उष्णतेत साधे रबर लवकर वाळते, सिलिकॉनची चकती जास्त टिकते. सिलिकॉन बहुधा केशरी किंवा लाल असते, पण नुसत्या रंगावर भुलू नये. रंग कोणालाही देता येतो.

आता आट्यांचे पाहा. ब्रिग्ज अँड स्ट्रॅटनसारख्या अमेरिकन इंजिनांच्या अनेक फिल्टरांचे आटे पाऊण इंची असतात, म्हणजे १९.०५ मिलिमीटर, इंचाला १६ आटे. जपानी वळणाच्या अनेक मोटारींच्या फिल्टरचे आटे २० मिलिमीटरचे, दीड मिलिमीटर अंतराने पाडलेले. दोन्ही डबे शेजारी ठेवले तर जाणकारही फसेल. २० मिलिमीटरचा डबा पाऊण इंची नळीवर चढतो, फिरतो, गॅस्केट टेकले की घट्ट झाल्यासारखाही वाटतो. पण आट्यांची पकड अर्धवट असते. मग गरम तेलाचा दाब आणि इंजिनाची थरथर यांनी तो हळूहळू सैल पडतो. या इंजिनांत तेल असते जेमतेम दीड-दोन लिटर. एवढे तेल गवतात सांडून जायला कितीसा वेळ लागतो? हिरवळीवर काळा पट्टा दिसेपर्यंत इंजिन जाम झालेले असते.

मग बोल कोणाला? यंत्रावर बसणाऱ्या माळ्याला! “तेल बघायला नको का?” म्हणून त्याच्यावर ठपका येतो. फिल्टर त्याने निवडलेला नसतो, दुकानातही तो गेलेला नसतो. पण नुकसानीचा हिशेब निघतो तेव्हा यंत्राजवळ तोच उभा असतो.

म्हणून खरेदीची सुरुवात दुकानातून नव्हे, यंत्राजवळून व्हावी. मोअरच्या हुडवर एका कंपनीचे नाव असते, पण आतले इंजिन बऱ्याचदा दुसऱ्याच कंपनीचे असते: ब्रिग्ज, कोहलर, कावासाकी किंवा होंडा. फिल्टर इंजिनाप्रमाणे घ्यायचा, हुडप्रमाणे नव्हे. ब्रिग्जच्या इंजिनावर मॉडेल, टाइप आणि कोड असे तीन आकडे कोरलेले असतात. फडक्याने पुसून ते वहीत उतरून घ्यावेत, मोबाईलवर फोटो काढला तर उत्तमच. त्या आकड्यांवरून पुस्तिकेत फिल्टरचा नंबर सापडतो. आणखी एक गोष्ट: मुळात आपल्या इंजिनाला फिल्टर आहे का, हेही पाहावे. ढकलायच्या छोट्या मोअरच्या पुष्कळ इंजिनांत तेल नुसते उडवले जाते. तिथे फिल्टर नसतोच, वेळेवर तेल बदलणे हाच उपाय.

कंपनीचाच फिल्टर घ्यावा, की बाहेरचा चालेल? बाहेरचा म्हणजे वाईटच, असे मुळीच नाही. फिल्टर बनवणाऱ्या नामांकित कंपन्या आपल्या देशातही आहेत. फरीदाबादची एलोफिक आहे, पुण्यात फ्लीटगार्डचे नाव जुने आहे. चांगला उत्पादक आपल्या यादीत ‘अमुक नंबरच्या ऐवजी तमुक’ असे स्पष्ट छापतो. ती यादी दाखवली, तर खुशाल घ्यावा. यादी नाही आणि फक्त ‘लग जाएगा’ असेल, तर नमस्कार करून बाहेर पडावे. वॉरंटीच्या काळात मात्र कंपनीच्याच फिल्टरला चिकटून राहावे आणि बिल जपून ठेवावे, म्हणजे पुढे वाद नको.

खोक्यावरच्या जाहिरातीलाही भुलू नये. ‘२० मायक्रॉनपर्यंत गाळतो’ असे छापलेले असते. पण त्या आकाराचे शंभरातले किती कण अडवतो? पन्नास की पंच्याण्णव? हा दुसरा आकडा दिला नसेल, तर पहिल्याला मोल नाही. फिल्टरच्या या चाचणीसाठी आयएसओ ४५४८-१२ हे आंतरराष्ट्रीय मानक आहे. त्याचा उल्लेख करून टक्केवारी देणारा उत्पादक अधिक भरवशाचा.

नकली मालाचे भय आहेच. परदेशी मालाच्या खोक्यावर आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि कमाल किंमत छापलेली असणे कायद्याने बंधनकारक आहे. ती नसेल, तर प्रश्न विचारावा. मग फिल्टर हातात घ्यावा. आटे स्वच्छ आहेत का, पत्र्याचा चुरा तर नाही, गॅस्केट खाचेत सपाट बसले आहे का, हे पाहावे. हलवून आत खुळखुळते का, ते ऐकावे. पेन्सिलीच्या मागच्या टोकाने रबराची चकती हलकेच दाबली, तर ती दबून परत आली पाहिजे. आणि एक सोडून दोन-तीन फिल्टर एकदमच घेऊन कपाटात ठेवावेत. ऐन हंगामात ‘लग जाएगा’च्या दारात जायची पाळीच येत नाही.

एवढे करूनही रायपुरात एक शत्रू उरतो. तो म्हणजे धूळ. उरला-सिलतरा पट्ट्यातल्या स्पंज आयर्नच्या कारखान्यांमुळे गच्चीवर बसणारी काळी पूड इथल्या गृहिणींच्या चांगलीच परिचयाची आहे. उन्हाळ्यात त्यात मातीची भर. ही धूळ इंजिनात शिरते ती प्रामुख्याने हवेच्या वाटेने. एअर फिल्टर फाटका किंवा सैल असेल, तर जगातला सर्वोत्तम ऑईल फिल्टरही इंजिन वाचवू शकणार नाही. म्हणून पैसे कमी असतील, तर आधी एअर फिल्टर घ्यावा. आणि तो कॉम्प्रेसरच्या जोरदार हवेने झाडण्याची सवय सोडावी, कागद फाटतो.

बदलायचा कधी? पुस्तिकेत तासांचा आकडा दिलेला असतो, बहुधा ५० ते १०० तास. धूळ आणि उष्णता जास्त असेल, तर त्याआधीच. तास भरले नाहीत, तरी वर्षातून एकदा बदलावाच. पावसाळाभर यंत्र राबले, की दिवाळीच्या सुमारास हे काम उरकणे सोयीचे.

बसवताना जुन्या फिल्टरचे गॅस्केट इंजिनालाच चिकटून राहिलेले नाही ना, हे पाहावे. एकावर एक दोन गॅस्केटे बसली, की गळती ठरलेली. नव्या गॅस्केटला बोटाने ताजे तेल लावावे, हाताने फिरवत टेकेपर्यंत आणावे आणि पुढे अर्धा ते पाऊण फेरा. पाना लावू नये. इंजिन थोडे चालवून, बंद करून गळती पाहावी आणि तेलाची पातळी पुन्हा मोजावी. नव्या डब्यावर जाड मार्करने तारीख आणि मीटरवरचे तास लिहावेत, म्हणजे पुढच्या माणसाला विचारत फिरावे लागत नाही.

काढलेला फिल्टर उलटा ठेवून पूर्ण निथळू द्यावा. ते काळे तेल नाल्यात किंवा झाडाच्या आळ्यात ओतू नये. २०१६ च्या नियमांप्रमाणे वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते झाकणाच्या डब्यात साठवून परवानाधारक पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचे असते.