बांधावरचा आरोपी

‘झाड रान खातं,’ हे वाक्य आमच्या गावात कुणीही सहज बोलतं. त्याला पुरावा कुणी मागत नाही. या एका वाक्यावर आमच्या शिवारातल्या बांधांवरच्या बाभळी, लिंब, बोरी गेल्या. माझं म्हणणं एवढंच, की आरोपात तथ्य आहे, पण आरोपी सगळे सारखे नव्हते.

तथ्य आधी सांगतो. शाळूच्या रानात बांधाकडच्या चार-सहा काकऱ्या खुज्या राहतात, कणसं बारीक पडतात. झाडाच्या अन्न ओढणाऱ्या बारीक मुळ्या बहुतेक वरच्याच मातीत असतात, शाळूच्याही तिथंच. दोघांचं ताट एकच. त्यात आमचं रान कोरडवाहू. शाळू येतो तो मुरलेल्या ओलीवर. आणि ओल सरली की मातीतलं खतही मुळाला मिळत नाही, कारण ते पाण्यात विरघळूनच पिकाच्या तोंडी लागतं. म्हणजे भांडण आधी ओलीचं, मग खताचं. युरियाची जादा मूठ फेकून ते मिटत नाही.

पण झाड म्हणजे कोणतं झाड? रामकाठी बाभूळ खराट्यासारखी सरळ वर जाते, सावली थोडी. तिच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात. निलगिरीला अशा गाठी नाहीत, पाला लवकर कुजत नाही आणि वाढायची घाई दांडगी. दोघींना एकच कलम कसं लावता? तिकडं आफ्रिकेत, नायजर आणि मलावीत, बाभळीच्याच गोतातलं एक झाड शेतकरी पिकात मुद्दाम राखतात. ते पावसाळ्यात पानं टाकतं आणि कोरड्या दिवसांत हिरवं होतं. बाजरी-मका वाढीला लागतात तेव्हा सावली नाही, ओढ कमी, वर पाल्याचं खत.

आमच्या जुन्या माणसांनाही हे कळत होतं. आजोबा मृगाच्या आधी बाभळी सवळायचे. काट्या कुंपणाला, फाटी चुलीला, पाला-शेंगा शेळ्यांना आणि लेंडी परत रानात. बांधालगत हात-दोन हात खोल चर असायचा, रानात शिरणाऱ्या मुळ्या तोडायला. मुळ्या पुन्हा यायच्या म्हणून दोन-तीन सालांनी तो उकरायचे. झाड खात होतं, पण त्याच्याकडून वसूलही होत होतं. पुढं शेळ्या विकल्या, चर बुजले, सवळायला माणूस मिळेना, पडलेला पाला काडी लावून मोकळे झालो. मग झाडानं नुसतं खाल्लं असं दिसणारच.

वाटण्या झाल्यावर तर फारच अवघड झालं. आमचे चुलते म्हणायचे, ‘आरं, झाड तुझं न् उपास माझा व्हय?’ त्यांचं चुकत नव्हतं. बांध सामाईक, सावली सामाईक, मग फाटी-शेंगांतही निम्मा वाटा पाहिजे होता. मी तसं बोललोही. पण भाऊबंदकीत हिशोबापेक्षा कुऱ्हाड लवकर चालते. व्यापारी आला, बाभळी जळणाच्या भावात गेल्या. दोन-तीन साल काकऱ्या सुधारल्या, हे खरं. मग दोन्हीकडून नांगर बांधात घुसला. बांध वीतभर उरला, एका वळवात फुटला आणि वरची माती ओढ्याला गेली. झाड चार काकऱ्या खात होतं. ओढा रानच खातोय.

आणि दर पावसाळ्यात रोपं वाटून फोटो काढणाऱ्यांनीही मिशा पिळू नयेत. कोणत्या बांधाला कोणतं झाड, ते सवळणार कोण, चर कुणी मारायचा, यातलं ते काही सांगत नाहीत. अशा रोपाला पुढं कुऱ्हाडच भेटते.

बांधावर झाड असेल तर तोडायच्या आधी दोन सालं सवळून बघा, चर मारून बघा, पाला रानात जिरवून बघा. त्यावरही काकऱ्या खुज्याच राहिल्या तर खुशाल तोडा. मी आडवा येणार नाही.