सावलीची कड



तिगावच्या अंगणात दुपारी हाताचा पंजा भुईजवळ धरा. सावली रेखीव पडेल. हात वर न्या. कड धूसर होईल. सूर्य आपल्याला तेजाच्या थाळीसारखा दिसतो. कडेवरच्या जागेपासून त्या थाळीचा काही भाग झाकलेला व काही उघडा असतो. सूर्य माथ्यावर असता १ मीटर उंचीवरील संत्र्याच्या पानाच्या सावलीची धूसर कड सुमारे १ सेंटिमीटर रुंद असते.

संगणकाने चित्रे काढताना आरंभी दिव्याच्या एकाच बिंदूकडे किरण सोडून उजेड की अंधार एवढेच ठरवीत. सावली कातरल्यासारखी दिसे. १९८४ साली कुक, पोर्टर व कार्पेंटर यांनी दिव्याच्या निरनिराळ्या बिंदूंकडे अनेक किरण सोडण्याची रीत मांडली. १६ पैकी ४ अडले, तर पाव सावली. किरण थोडे असल्यास चित्र ठिपकेदार होते. पुष्कळ सोडल्यास वेळ लागतो.

बांधाचा तंटा असो वा सोयरिकीतील रुसवा, आपण बहुधा एकाच तोंडची हकिगत ऐकून शेजाऱ्याला काळा ठरवितो. चौघांना विचारण्यास वेळ लागतो खरा. परंतु तो वेळ न दिल्याने भाऊ भावाचे अंगण सोडतो. या आठवड्यात कोणाविषयी मत बनविण्यापूर्वी आणखी एका घरी अवश्य विचारा.