देवाले नारळ, नदीले कचरा!

आयर्लंडच्या जुन्या कथेत बोआन नावाची देवी मनाई असलेल्या विहिरीजवळ जाते, पाणी उसळतं अन् त्याची बॉयन नदी होते. नदीला आजही तिचंच नाव आहे.

आपल्याकडं काय वेगळं आहे? भीमानं कीचकाला मारून चिखलदऱ्याच्या दरीत फेकलं अन् भीमकुंडात हात धुतले, हे आपलं लहान पोरगंही सांगते. वारीला मारुती, म्हणून वान धरणाचं नाव हनुमान सागर. अन् त्याच वानच्या काठावर जेवणं उरकून आपण प्लास्टिकच्या पत्रावळी टाकून येतो.

माझं म्हणणं एवढंच, जागा गेली की कथाही जाते. येत्या शनिवारी वारीला जाल तर आपला कचरा पिशवीत घालून घरी आणा.