सैनिक आजोबांचें स्मरण

सैन्यांत नोकरी केलेल्या आजोबांचें स्मरण करितांना आपण त्यांची पदकें दाखवितों; परंतु पदक फार थोडें बोलतें. संगमनेर तालुक्यांतील निमज गांवचे नामदेव जाधव मराठा पलटणींत शिपाई होते. ता. ९ एप्रिल १९४५ रोजीं इटलींत सेनिओ नदीवर, गोळ्यांच्या वर्षावांत, त्यांनीं दोन जखमी सोबती पाण्यांतून व सुरुंगांतून सुखरूप आणिले. मग शत्रूच्या मशीनगनी बंद पाडिल्या. त्यांस मिळालेल्या व्हिक्टोरिया क्रॉसवर ‘शौर्याबद्दल’ असें लिहिलेलें असतें. सोबत्यांची गोष्ट त्यांत नाहीं. १९८४ सालीं जाधव वारले. नांदेड-लातूरकडील आपल्या घरांतही असे आजोबा असतील. मुलांनीं त्यांच्याजवळ बसून, त्यांनीं कोणास वांचविलें हें आधीं विचारावें व लिहून ठेवावें. पदक पेटींत राहतें. हकीकत सांगणाऱ्याबरोबर जाते.