उपग्रहाचे बटण कोणाच्या हाती?

५ नोव्हेंबर २०२५ रोजी महाराष्ट्र शासनाने स्टारलिंक कंपनीसोबत इरादापत्रावर सह्या केल्या. गडचिरोली, नंदुरबार, वाशिम, धाराशिव अशा जिल्ह्यांतील दुर्गम भागात उपग्रहाद्वारे इंटरनेट पोहोचवण्याचा हा विचार आहे. त्याला आमचा विरोध नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज, जात पडताळणी, रेशनचे मशीन, सगळेच ऑनलाइन झाले आहे. रेंज नसल्यामुळे एखाद्या मुलाचा अर्ज राहतो, तेव्हा नुकसान आपल्या वस्त्यांचे आणि आदिवासी पाड्यांचे होते.

प्रश्न मालकीचा आहे. काहीशे किलोमीटर उंचीवरून फिरणारे हे हजारो उपग्रह स्पेसएक्स या खासगी कंपनीचे आहेत आणि तिच्यावर इलॉन मस्क यांचे नियंत्रण आहे. २०२२ मध्ये रशियाने हल्ला केल्यावर युक्रेनला याच जाळ्याने तारले. पण त्याच वर्षी क्रिमियाजवळ रशियन नौदलावर हल्ल्यासाठी युक्रेनला सेवा हवी होती, तेव्हा मस्क यांनी ती सुरू करण्यास नकार दिला. तो नकार योग्य होता की अयोग्य, हा वाद वेगळा. एका देशाच्या युद्धातला निर्णय कोणीही निवडून न दिलेल्या एका उद्योगपतीने घेतला, ही बाब आपण लक्षात घेतली पाहिजे.

भारतापुढचा धोकाही काल्पनिक नाही. डिसेंबर २०२४ मध्ये मणिपूरमध्ये सुरक्षा दलांना शस्त्रसाठ्यासोबत स्टारलिंकचे नाव असलेले उपकरण सापडले. भारतावर आपली सेवा बंद असल्याचे मस्क यांनी तेव्हा सांगितले. मे २०२५ मध्ये केंद्र सरकारने उपग्रह सेवेसाठी कडक अटी घातल्या. वापरकर्त्यांची माहिती देशातच ठेवायची, सरकारला कायदेशीर टेहळणीची सोय द्यायची, जमिनीवरील सीमेपासून ५० किलोमीटरच्या पट्ट्यात विशेष देखरेख ठेवायची. जून २०२५ मध्ये स्टारलिंकला परवाना मिळाला.

या अटी आवश्यकच आहेत. पण त्यांमुळे दुसरे बटण सरकारच्या हाती येते. मणिपुरात २०२३ मध्ये अनेक महिने इंटरनेट बंद होते आणि त्याची झळ सामान्य माणसाने सोसली. इंटरनेटबंदीचे आदेश जाहीर करा, असे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२० मध्ये अनुराधा भसीन खटल्यात बजावले होते. उपग्रह सेवेलाही हाच नियम लागू झाला पाहिजे.

१९४७ मध्ये शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने संविधान सभेसाठी तयार केलेल्या निवेदनात बाबासाहेबांनी मूलभूत उद्योग राज्याच्या मालकीचे असावेत, अशी मागणी केली होती. राज्याने हात काढून घेतला की दुर्बलाच्या वाट्याला खासगी मालकाची हुकूमशाही येते, हे त्यांनी ओळखले होते. राज्याच्या सत्तेला लगाम हवा म्हणून त्याच निवेदनात त्यांनी नागरिकांचे मूलभूत हक्कही मांडले होते.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. स्टारलिंकसोबत होणारा प्रत्येक करार विधिमंडळापुढे ठेवावा. टेहळणीच्या आदेशांवर न्यायालयीन देखरेख असावी. उपग्रह आला म्हणून भारतनेटची गावोगावची केबल अर्धवट सोडू नये. गडचिरोलीच्या पाड्यावरील मुलीला इंटरनेट मिळालेच पाहिजे, पण ते हक्क म्हणून. कोणाच्या मर्जीने मिळालेली सोय कोणाच्या मर्जीने बंदही होऊ शकते.