अर्ध्या पंखांचा प्रश्न

विंग म्हटलं की आपल्या होस्टेलवाल्यांना आधी ए-विंग, बी-विंग आणि नळाला पाणी नसलेली सी-विंग आठवते. हा लेख त्या विंगबद्दल नाही. हा छातीवर लावायच्या विंग्जबद्दल आहे. आणि हो, मी कॉन्व्हेंटची. मराठी शाळेत एक विषय होता आणि घरी बोलायची भाषा होती, लिहायची सवय नाही. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर मराठी विभागाच्या संपादकांना धरा, मला नको.

आपल्या कॉलेजची ड्रोन टीम तुम्हाला माहीत असेलच. रविवारी सकाळी ग्राउंडवरून मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा जो आवाज येतो आणि बी-विंगची झोपमोड होते, ते आम्ही. कुणी हरवलं, बोट परतली नाही, पूर आला तर शोधाच्या कामात मदत करायची, विनामूल्य, असा आमचा उद्योग. स्वयंसेवक. तर यंदा गॅदरिंगच्या आधी टीमला युनिफॉर्म करायचं ठरलं आणि युनिफॉर्म म्हटलं की बॅज आलाच. मेसमध्ये दोन चहा संपेपर्यंत बेतही पक्का झाला. ड्रोन उडवणाऱ्याला दोन पंखांचा पूर्ण बॅज. शेजारी उभं राहून आकाशावर नजर ठेवणाऱ्या ऑब्झर्व्हरला एकच पंख, म्हणजे अर्धा. बॅटऱ्या, नकाशा, फर्स्ट एड सांभाळणाऱ्यांना नावाची पट्टी. डिझाईन माझ्याकडे आलं. कारण? "तुझे काका डायमेकर आहेत ना!"

आहेत. मी वरोरची. चिंचणीहून किनाऱ्याकिनाऱ्याने डहाणूकडे निघालं की वरोर लागतं. वाढवणचं नाव बंदरामुळे पेपरात येतं, पण आमच्या या पट्ट्यातल्या घराघरातून जो डायचा धंदा चालतो त्याबद्दल आपल्या कॉलेजात मी कुणालाच काही माहीत असलेलं पाहिलं नाही. मेकॅनिकलवाल्यांनाही नाही. सोन्याचे दागिने घडवायला पोलादाचे ठसे लागतात. पान, फूल, मोर, मण्याची अर्धी वाटी, जे हवं ते पोलादाच्या तुकड्यात उलटं आणि खोल कोरायचं. त्यावर पत्रा ठेवून दाब दिला की नक्षी सुलटी आणि उठून येते. एका बाजूला वाळत घातलेल्या बोंबलांचा वास आणि दुसऱ्या बाजूला पडवीत छिन्नीची बारीक टिक टिक, हे माझं लहानपण. काका डोळ्याला भिंग लावून बसले की घरात कुणी मोठ्याने बोलायचं नाही.

मी कॉम्प्युटरवर झकास डिझाईन केलं. मध्ये गोल, त्याभोवती पानांची माळ, दोन्ही बाजूंना भरगच्च पिसांचे पंख. खरं सांगायचं तर सरळसरळ हवाई दलाच्या बॅजवरून उचललं होतं. प्रिंट घेऊन शनिवारी घरी गेले. काकांनी कागद लांब धरला, जवळ धरला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "हे किती मोठं?"

"साडेपाच सेंटिमीटर."

"मग ही पिसं कुणाला दिसणार?"

त्यानंतर अर्धा तास मला जे ऐकावं लागलं ते आमच्या प्रॉडक्शनच्या पुस्तकात आहे, पण असं नाही. दोन पिसांमधली रेघ केसाएवढी ठेवलीस तर ठशात मळ साचेल आणि दहाव्या बॅजनंतर ती पुसट होईल. कड आतल्या बाजूला वळवलीस तर पत्रा ठशातून सुटणारच नाही, म्हणून प्रत्येक भिंत किंचित बाहेर झुकलेली हवी. जास्त खोल घेतलंस तर पातळ पितळ कोपऱ्यात फाटेल. अक्षरं उलटी कोरायची हे लक्षात आहे ना? (नव्हतं.) आणि शेवटी, "तीन वेगळे बॅज म्हणजे तीन डाय. तिप्पट काम. कशाला?"

हा "कशाला" त्यांनी खर्चापुरता विचारला होता. माझ्या डोक्यात तो वेगळाच घुसला.

या पंखांचा इतिहास मी नंतर वाचला. ब्रिटिशांच्या रॉयल फ्लाइंग कोअरसाठी वैमानिकांचे पंख १९१३ साली मंजूर झाले. पंख पाकोळीचे घेतले होते, हा जो लहानसा पक्षी जमिनीवर जवळजवळ उतरतच नाही तो. ऑब्झर्व्हरला बॅज मिळाला तो १९१५ मध्ये. इंग्रजी ओ अक्षर आणि त्याला एकच पंख. विमान तेच, गोळी लागली तर दोघेही पडणार, पण पंख एक. पुढे दुसऱ्या महायुद्धात गनर, नेव्हिगेटर, बाँब टाकणारा अशा प्रत्येकासाठी वेगळं अक्षर आलं, पंख मात्र सगळ्यांना एकच राहिला. गनरच्या बॅजवर आधी १३ पिसं होती, तेरा आकडा अशुभ म्हणून एक कमी केलं असंही सांगतात.

पण मला सगळ्यात आवडला तो त्याच्याही आधीचा बॅज. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात ब्रिटिश हवाई दलात गनर हा वेगळा पेशाच नव्हता. जमिनीवर काम करणारे फिटर, रिगर स्वतःहून पुढे यायचे, आपलं रोजचं काम सांभाळून मागच्या सीटवर बंदूक घेऊन बसायचे. त्यांच्या बाहीवर पितळेची एक छोटी गोळी असे, तिला पंख. बस्स. अधिकार नाही, माळ नाही, मुकुट नाही. हा माणूस काय करतो ते एका नजरेत कळतं. आणि तो ठशावर काढलेला पितळी बॅज होता, त्यामुळे काकांनाही फोटो बघून लगेच पटला.

आपल्याकडेही स्वयंसेवक होतेच. १९३९ ला युद्ध सुरू झाल्यावर भारतीय हवाई दलाचं स्वयंसेवक राखीव दल उभं राहिलं आणि मुंबई, कराची, मद्रास, कलकत्ता, कोचीन इथे किनारा संरक्षणाच्या तुकड्या झाल्या. विमानं वापितीसारखी जुनी, दोन पंख एकावर एक असलेली. काम समुद्रावर गस्त घालायचं, म्हणजे तासन् तास खाली पाण्याकडे बघत बसायचं. अशा कामात मागच्या सीटवरचे डोळे अर्धे कसे मोजायचे? १९७१ च्या युद्धात हवाई दलाचे प्रमुख असलेले पी. सी. लाल १९३९ मध्ये दलात आले ते आधी नेव्हिगेटरचं शिक्षण घेऊन. म्हणजे अर्ध्या पंखाच्या कामापासूनच!

आता कुणी म्हणेल, "अगं बाई, ते विमानात बसत होते. तुम्ही वाळूत उभे. तुम्ही कसले एअरक्रू?" बरोबर आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत आमच्यासाठी शब्द आहे रिमोट पायलट, आणि तो ठीक आहे. आमचं मशीन पडलं तर आमचे पैसे जातात, जीव जात नाही. म्हणूनच हवाई दलासारखे पंख लावायची कल्पना मला आता लाज आणते. मी स्वतः काढलेलं डिझाईन असूनही. त्यात कायद्याचाही भाग आहे. लोकांनी आपल्याला सैनिक समजावं म्हणून सैन्यासारखा वेश किंवा चिन्ह वापरलं तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १६८ खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड आहे. आमचा तसा हेतू नाही हे मान्य. पण पूर आलेल्या गावात घाबरलेल्या माणसाला आपला हेतू कसा दिसणार? तो छातीवरचे पंख बघून समजेल की सरकार आलं.

अमेरिकेत १९४१ च्या डिसेंबरमध्ये सिव्हिल एअर पेट्रोल निघालं. साधे नागरिक आपली छोटी विमानं घेऊन किनाऱ्यावर पाणबुड्या शोधायला जायचे. गणवेश सैन्यासारखा होता, म्हणून फरक कळावा यासाठी खांद्यावर लाल पट्ट्या आल्या. चिन्ह निळ्या वर्तुळात पांढरा त्रिकोण आणि त्यात लाल तीन पात्यांचा पंखा. जे समुद्रात विमान उतरवून वाचले त्यांचा वेगळा डक क्लब होता. बदकाचा! मला हे फार आवडलं. आपण कोण नाही हे आधी सांगायचं आणि मग आपण कोण आहोत हे जरा हसत सांगायचं.

आता मूळ मुद्दा, अर्धा पंख कुणाला.

दिवाळीच्या सुट्टीत टीम वरोरला आली होती, सरावाला. जवळच तारापूरचं अणुवीज केंद्र, त्यामुळे नकाशा आणि परवानगी याची सगळी भानगड आधी उरकावी लागते. ओहोटीला एक केशरी फ्लोट खडकांकडे सोडून दिला आणि तो शोधायचा असं ठरलं. ड्रोन मी उडवत होते. पट्टे पाडून शोधायचं असतं, शेत नांगरतात तसं, एक पट्टा जाताना, शेजारचा येताना. माझं सगळं लक्ष स्क्रीनवर, आणि स्क्रीनवर उन्हाची चकाकी. मध्येच माझी रूममेट ओरडली, "घार! खाली घे!" मी खाली घेतलं. वर बघितलं असतं तर मलाही दिसली असती, पण मी वर बघतच नव्हते. ते तिचं काम होतं. मग पुन्हा वर, पुन्हा पट्टे. फ्लोट नाही. तिसऱ्या बॅटरीला मी वैतागून म्हटलं, गेला वाहून. तेव्हा नकाशा धरून वाळूत बसलेला आमचा सेकंड इयरचा पोरगा, ज्याला आमच्या बेतात फक्त नावाची पट्टी आहे, हळूच म्हणाला, "ताई, घारीच्या वेळी आपण एक पट्टा सोडला. सातवा." त्याने प्रत्येक फेरीला पेन्सिलने रेघ मारली होती. सातव्या पट्ट्यात फ्लोट होता.

फ्लोट होता म्हणून हसलो आणि वडापाव खाल्ला. तिथे माणूस असता तर?

हे मी नुसतं लेख रंगवायला लिहीत नाही. १३ जानेवारी २०१८ ला डहाणूच्या समुद्रात विद्यार्थ्यांची बोट उलटली, मी तेव्हा सातवीत होते. तीन मुली गेल्या. कोस्ट गार्डने विमानं, हेलिकॉप्टरं कामाला लावली. आणि जवळपासच्या मच्छीमारांनी आपल्या बोटी घालून पोरांना पाण्याबाहेर काढलं. त्या माणसांच्या अंगावर कसला बॅज नव्हता. शोधाच्या कामाबद्दल विचार करताना मला आजही आधी तेच आठवतं. बोट कुणी हाकली आणि हात कुणी दिला, अशी वाटणी तिथे कुणी केली नसणार.

म्हणून माझं म्हणणं असं, की बॅज एकच हवा. दोन पंख, सगळ्यांना सारखे. मधल्या गोलात कामाचं अक्षर, देवनागरीत: उड्डाणाला उ, निरीक्षणाला नि, नकाशाला न, बॅटरीवाल्यांना ब. पाकोळी नको, हवाई दलाचा गरुडही नको, पंख कुरवाचे घेऊ. होड्या परत येतात तेव्हा वर घिरट्या घालणारा तो पांढरा पक्षी. त्याचे पंख लांब, निमुळते, थोडीच पिसं दाखवली तरी चालतात आणि त्यामुळे डायलाही सोपे. आपली चिन्हं आपल्याकडूनच घ्यायची ही काही माझी शोधाशोध नाही. १९५० ला हवाई दलाच्या चिन्हावरचा मुकुट जाऊन अशोकाचे सिंह आले आणि २०२२ ला नौदलाच्या ध्वजावर शिवाजी महाराजांच्या मुद्रेचा अष्टकोन आला. आमचा कुरव त्या मानाने अगदीच छोटा, पण आमचा.

काकांनी उपायही काढलाय. पंखांचा एकच डाय, मधला गोल सपाट. अक्षरांचे छोटे ठसे वेगळे, ते नंतर मारायचे. म्हणजे पुढच्या वर्षी टीममध्ये नवं काम आलं तर फक्त एक अक्षर कोरावं लागेल.

याला टीममध्ये विरोध आहे, तोही सांगते, नाहीतर एकतर्फी होईल. रिमोट पायलटचं सर्टिफिकेट घ्यायला पैसे आणि वेळ जातो, मग सगळ्यांना सारखेच पंख का, असं दोघांचं म्हणणं आहे. त्यात तथ्य आहे. सर्टिफिकेट माझ्याकडेही आहे आणि पूर्ण पंख मिळणाऱ्यांत मी पहिली होते. मला हवेही होते, खोटं कशाला बोलू! आईला फोटो पाठवायचा ठरला होता. पण सर्टिफिकेट पाकिटात राहतं आणि मागितलं की दाखवता येतं. छातीवरचा बॅज समोरच्या माणसासाठी असतो. त्याला फक्त एवढंच कळायला हवं की यातला कोण काय करतो आणि पाणी किंवा मदत कुणाकडे मागायची.

दुसरा विरोध रूममेटचा. ती म्हणते, "मला 'नि' नको, लोक मला नि:शुल्क म्हणतील." यावर विचार चालू आहे.

येत्या शुक्रवारी रात्री जेवणानंतर मेसमध्ये मतदान आहे, टीमच्या बाहेरच्यांनीही यावं. दोन्ही डिझाईनच्या प्रिंट नोटीस बोर्डाशेजारी लावल्या आहेत, त्यातल्या पहिलीवर कुणीतरी आधीच मिशा काढल्या आहेत. निकाल काहीही लागला तरी मला शनिवारी सकाळच्या गाडीने कागद घेऊन वरोरला जायचंय. काकांनी पोलादाचा तुकडा घासून ठेवलाय आणि ते रोज फोनवर विचारतात, अक्षरं ठरली का.